जानेवारीत लॅम्बो फील्डवर जिंकायचे असेल तर

फुटबॉल म्हणवणाऱ्या या अमेरिकन खेळात पायाचा संबंध येतोच कुठे, अशी थट्टा आपल्याकडे नेहमी होते. विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या लहानशा शहरात, जानेवारीच्या थंडीत, ही थट्टा पाहुण्या संघाच्या अंगाशी येऊ शकते. पॅकर्स या संघाच्या घरी, म्हणजे लॅम्बो फील्ड या मैदानावर, प्लेऑफचा (बाद फेरीचा) सामना खेळायला जाणाऱ्या संघाची चर्चा एरवी क्वार्टरबॅकपाशी, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूपाशी, सुरू होऊन तिथेच संपते. माझ्या मते मात्र तयारीची सुरुवात पंट (चेंडू सोडून देताना तो लाथेने दूर धाडणे) आणि फील्ड गोल (चेंडू लाथेने गोलच्या खांबांमधून धाडणे) या लाथेच्या डावांपासून करायला हवी.

पुरावा जुना नाही. २२ जानेवारी २०२२ रोजी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी येथे १३-१० असा विजय मिळवला, तेव्हा त्यांच्या आक्रमणाला एकही टचडाउन करता आला नव्हता, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेता आला नव्हता. मध्यंतरापूर्वी जिमी वॉर्डने पॅकर्सचा फील्ड गोल अडवला. सामना संपायला पाच मिनिटेही उरलेली नसताना जॉर्डन विलिसने पंट अडवला आणि घरंगळलेला चेंडू उचलून तलानोआ हुफांगाने टचडाउन केला. त्याआधी २००३ च्या जानेवारीत पॅकर्स आपल्या घरी प्लेऑफचा सामना पहिल्यांदाच हरले. अटलांटा फाल्कन्सच्या त्या २७-७ विजयातही एक टचडाउन अडवलेल्या पंटचाच होता. म्हणून आठवड्याच्या सरावात पंट अडवण्याच्या दोन-तीन चाली पक्क्या बसवाव्यात. आपल्या पंटच्या वेळी प्रत्येकाने कोणाला थोपवायचे, हेही तितक्याच कसोशीने ठरवावे.

यानंतर किकरची, म्हणजे लाथ मारणाऱ्या खेळाडूची, मर्यादा ठरवावी. थंडीत चेंडूतील हवेचा दाब उतरतो, चेंडू दगडासारखा लागतो आणि टोला नेहमीपेक्षा आखूड पडतो. हिशेब साधा आहे. गोलचे खांब गोलरेषेच्या १० यार्ड मागे असतात आणि होल्डर चेंडू साधारण ७ यार्ड मागे टेकवतो, त्यामुळे ३० यार्डांच्या रेषेवरून घेतलेला प्रयत्न प्रत्यक्षात ४७ यार्डांचा असतो. सामन्यापूर्वीच्या सरावात किकरने दोन्ही टोकांकडे टोले मारून पाहावेत आणि या बाजूला इतके यार्ड, त्या बाजूला इतके यार्ड, असे दोन आकडे प्रशिक्षकाला स्पष्ट सांगावेत. वारा एका दिशेचा असतो आणि बाजू दर क्वार्टरला बदलतात, त्यामुळे एकच आकडा पुरत नाही. इतके करूनही माणूस चुकतोच. २० जानेवारी २००८ रोजी उणे १८ अंश सेल्सिअसमध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टाइन्सचे चौथ्या क्वार्टरमध्ये दोन टोले हुकले, ४३ यार्डांचा आणि ३६ यार्डांचा. त्यानंतर जादा वेळेत ४७ यार्डांचा टोला मारायला तो प्रशिक्षकाच्या आदेशाची वाट न पाहता मैदानात धावला आणि जायंट्स २३-२० असे जिंकले. दुसऱ्या चुकीच्या वेळी स्नॅपच नीट आला नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे. चेंडू मागे फेकणारा स्नॅपर आणि तो टेकवणारा होल्डर यांची बोटे ऊबदार ठेवणे हेही किकरच्या सरावाइतकेच महत्त्वाचे काम आहे.

आक्रमणाची आखणी पायाखालच्या जमिनीवरून करावी. ३१ डिसेंबर १९६७ च्या सुप्रसिद्ध ‘आइस बोल’मध्ये तापमान उणे २५ अंशांच्या आसपास होते आणि मैदानाखाली बसवलेली उष्णतेची यंत्रणा कामी आली नाही. शेवटची १६ सेकंदे उरली असताना क्वार्टरबॅक बार्ट स्टारने चेंडू धावणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिला नाही, कारण ते सहकारी बर्फावर घसरत होते. तो स्वतःच मुसंडी मारून आत घुसला आणि पॅकर्स २१-१७ असे जिंकले. त्यात डाव घरच्या संघाने साधला असला, तरी धडा पाहुण्यांनीच घ्यायचा आहे. पास झेलणाऱ्या रिसीव्हरांना एकदम वळण घ्यायला लावणारे मार्ग कमी ठेवावेत, सरळ धावा आणि थेट अंगावर येणारे पास वाढवावेत, आणि उंच रिसीव्हर असेल तर त्याचा पुरेपूर वापर करावा. जायंट्सच्या प्लॅक्सिको बरेसने २००८ मध्ये ११ झेलांत १५१ यार्ड मिळवले ते याच रीतीने, अंगाला चिकटून खेळणाऱ्या बचावपटूंच्या डोक्यावरून.

त्याच आइस बोलमधली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. डॅलस काउबॉइजचा वेगवान रिसीव्हर बॉब हेज, ज्या डावात पास आपल्याकडे येणार नसेल, त्या डावात गारठलेले हात पँटमध्ये खुपसून उभा राहत असे, आणि पॅकर्सच्या बचावपटूंनी ते ओळखले. तेव्हा रिसीव्हरांना आधीच सांगून ठेवावे की हात कमरेच्या ऊबदार थैलीत ठेवायचे असतील तर प्रत्येक डावापूर्वी ठेवा, नाहीतर एकदाही ठेवू नका.

बचावात फार नावीन्य नको. आघाडीच्या चौघांनीच दबाव आणावा आणि मागे सातजण राखावेत, एवढे पुरते. २०२२ च्या त्या सामन्यात पॅकर्सचा तेव्हाचा क्वार्टरबॅक अॅरन रॉजर्स याला पाच वेळा पाडले गेले.

शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी असेल, तर टचडाउनच्या मोहात न पडता ठरलेल्या आकड्याच्या आत चेंडू नेऊन घड्याळ संपू द्यावे. फोर्टीनाइनर्सनी तेच केले. तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) सात यार्ड हवे असताना डीबो सॅम्युअलने धावून नऊ काढले, आणि वेळ संपता संपता रॉबी गोल्डने ४५ यार्डांवरून टोला मारला. प्रत्येक लाथेच्या डावापूर्वी आपली अकरा माणसे मोजण्यासाठी एक सहायक प्रशिक्षक नेमावा, हेही त्याच डावावरून सुचते, कारण गोल्डचा तो टोला अडवायला पॅकर्सची मैदानात दहाच माणसे उभी होती.