हरभऱ्यातले दोन निशाचर: घाटेअळीचा पतंग आणि पिंगळा

हरभरा फुलोऱ्यात येऊ लागला की रात्री शेतात दोघांची वर्दळ असते: घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीचा पतंग आणि त्याला टिपणारा पिंगळा, म्हणजे छोटे घुबड. दिवसा पानाआड दडलेली पतंगाची मादी अंधार पडला की कोवळ्या शेंड्यांवर, कळ्यांवर खसखशीएवढी अंडी सुटी सुटी घालते. अशी शेकडो अंडी एकटीच घालते. पिंगळ्याची जोडी मात्र वर्षाला तीन-चार अंड्यांवर थांबते, तेव्हा पिंगळा एकटा पीक राखेल या भरवशावर राहू नका. तो फुकटचा मदतनीस आहे. नाकतोडे, भुंगेरे, पतंग, उंदराची पिल्ले, सगळे खातो.

त्याच्यासाठी एकरी २० पक्षिथांबे लावा, पिकाच्या वर फूट-दीड फूट निघतील असे. दिवसा त्यांवरच कोतवाल आणि साळुंकी बसून अळ्या वेचतात. बांधावरचे ढोलीचे जुने आंबा-लिंब तोडू नका, पिंगळ्याचे घर तिथेच असते. तो ओरडला की अपशकुन म्हणून दगड भिरकावणारे अजून भेटतात. त्यांना घाटे पोखरलेला हरभरा दाखवावा.

पतंगावर नजर ठेवायला एकरी २ कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नराला ओढणारे सापळे, पुरतात. त्यांत फक्त नर अडकतात, म्हणून सापळा भरला तरी अंडी घालणे थांबत नाही. त्याचे काम इशारा देण्याचे. सलग दोन-तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ ते १० पतंग आले, किंवा ओळीत मीटरभर अंतरात एक-दोन अळ्या दिसल्या, की उपाय सुरू करा.

फुलोऱ्याच्या सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. अळ्या लहान असतानाच घाटेअळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, लेबलवरच्या मात्रेने वापरावा. उन्हात तो निकामी होतो, म्हणून फवारणी संध्याकाळीच करा आणि द्रावणात थोडी नीळ मिसळा. मोठ्या अळ्यांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. प्रादुर्भाव आटोक्याबाहेर गेला तरच शिफारशीतले रासायनिक कीटकनाशक घ्या.

उंदरांसाठी विषारी आमिष ठेवत असाल तर मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरा. असा उंदीर खाऊन घुबडे, पिंगळेही मरतात.