आयर्लंडचे जुने दगड बघायचे, तर एका दगडापासून सुरुवात करा

माझी मुलगी ड्रॉहेडाला नर्स आहे, त्यामुळे आयर्लंडला माझ्या आतापर्यंत चार खेपा झाल्या. तिच्याकडे नागपूरहून येणारे पाहुणे पहिल्याच रविवारी न्यूग्रेंजला, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध प्राचीन दगडी थडग्याला जातात, पांढऱ्या भिंतीसमोर फोटो काढतात आणि परत येताना म्हणतात, "छान आहे, पण शेवटी दगडच की." मला वाटतं, क्रमच चुकतो. सगळ्यात मोठं आधी पाहिलं की डोळ्यांना काय शोधायचं तेच कळत नाही. मी लहानाकडून मोठ्याकडे जाते.

पहिली सकाळ एकाच दगडासाठी ठेवा. डंडॉकजवळ नॉकब्रिज नावाचं खेडं आहे. त्याच्या बाहेर शेतात सुमारे तीन मीटर उंचीचा एकटा दगड उभा आहे: क्लॉखफारमोर, म्हणजे थोर पुरुषाचा दगड. शेतात गुरं असली तर फाटकाबाहेरूनच बघा. फाटक उघडलंत तर आठवणीने लावून घ्या, तिथले शेतकरी एवढ्याच एका गोष्टीवर चिडतात. दगडाला एक पूर्ण फेरी मारा, कुठल्या बाजूने तो बारीक दिसतो, कुठून रुंद, ते बघा. गोष्ट त्यानंतर. कू खुलिन हा वीर प्राणांतिक जखमी झाला, तेव्हा उभ्यानेच मरण यावं म्हणून त्याने स्वतःला या दगडाशी बांधून घेतलं. शत्रूंची जवळ जायची छाती होईना. शेवटी एक कावळा त्याच्या खांद्यावर येऊन बसला, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली.

याच कू खुलिनने राणी मेवचं सैन्य एकट्याने अडवलं होतं. भांडण कशाचं, तर एका वळूचं. नवऱ्याकडे आहे तसा वळू आपल्याकडेही हवा, म्हणून राणीने जवळच्याच कूली भागावर स्वारी केली. विराटाच्या गायींची गोष्ट ऐकत वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. आणि आयरिशमध्ये गायीला म्हणतात 'बो'. आपला 'गो' आणि त्यांचा 'बो' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत.

दुपारी प्रोलीक. तीन उभ्या दगडांवर एक अवाढव्य शिळा तोललेली आहे, वजन अंदाजे ३५ ते ४० टन. वाट एका हॉटेलच्या आवारातून गोल्फच्या मैदानाच्या कडेने जाते, तेव्हा उडत्या चेंडूंवर लक्ष ठेवा. अशा रचनेला डॉल्मेन म्हणतात आणि ही मुळात थडगी होती. लोक मात्र गावोगावच्या डॉल्मेनना 'डिअरमुड आणि ग्रॉनियाचा पलंग' म्हणतात. ग्रॉनियाचं लग्न म्हाताऱ्या फिन मॅकूलशी ठरलं होतं, ती तरुण डिअरमुडबरोबर पळाली, आणि फिन मागावर असल्यामुळे दोघांना एका जागी दोन रात्री काढता येईनात. म्हणून देशभर त्यांचे इतके पलंग! प्रोलीकची आणखी एक समजूत आहे: खडा वर फेकायचा, तो शिळेवर टिकला तर वर्षाच्या आत लग्न. माझ्या भाचीने अकरा खडे फेकले. तुम्ही फेकू नका. दगडाला ओरखडे जातात, आणि वर आधीच रास झाली आहे.

एक सांगून ठेवते. आमच्या वन्संबाईंनी तिथे पर्समधून कुंकवाची पुडी काढली होती. त्यांचा भाव कळतो, पण ही सगळी राष्ट्रीय स्मारकं आहेत. कुंकू, मेणबत्ती, खडू, नाणी, काही नाही. हात जोडले तर कोणी हटकत नाही.

दुसऱ्या दिवशी डोंगर चढायचा: मीथ परगण्यात ओल्डकासलजवळचं लॉक्रू. चढ फार नाही, पण अंगावर येतो, आणि मेंढ्यांच्या लेंड्यांवरून पाय घसरतो. चांगले बूट घाला. छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करतो, रेनकोटच बरा. टेकडीचं आयरिश नाव 'श्लीव न काली'. मी उच्चार ऐकला आणि अंगावर काटा आला. मग शोधलं, तर आपल्या कालीशी काही संबंध नाही. 'कालीख' म्हणजे म्हातारी, शब्दशः डोक्यावरून वस्त्र घेतलेली, आणि तो शब्द लॅटिनमधून आलेल्या वस्त्राच्या नावापासून बनला आहे. बो-गो खरं, काली-काली खोटं. नुसतं कानाला सारखं लागलं म्हणून नातं जोडू नये, ही सवय इथे फार उपयोगी पडते.

गोष्ट अशी की ही म्हातारी ओच्यात दगड भरून या टेकडीवरून त्या टेकडीवर उड्या मारत होती, आणि ओच्यातून सांडले ते टेकडीवरचे हे दगडांचे ढीग, म्हणजे खरं तर जुनी थडगी. सगळ्यात वरचा ढीग 'केर्न टी'. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवसरात्र समान होतात, तेव्हा उगवता सूर्य त्याच्या आतल्या कोरीव शिळेवर पडतो. आत सोडतात की नाही ते आधी विचारून घ्या. नाही सोडलं तरी बाहेर म्हातारीची दगडी खुर्ची आहे. कोरीवकाम बघायची युक्ती: ऊन तिरपं असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. भर दुपारी रेषा मावळतात. मोबाइलचा टॉर्चही समोरून न मारता कडेने धरा.

आता न्यूग्रेंज. तिकीट आगाऊ काढा. थेट ढिगाऱ्यापाशी गाडी जात नाही, अभ्यागत केंद्रातून त्यांच्याच बसने जावं लागतं. बांधकाम इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं, गिझाच्या पिरॅमिडांहून जुनं. दर्शनी पांढऱ्या भिंतीवर फार वेळ घालवू नका. गारगोटी तिथेच सापडलेली, मूळची विक्लोकडची, पण तिची अशी उभी भिंत ही विसाव्या शतकातली पुनर्रचना आहे, आणि तिच्यावर अभ्यासकांत वाद आहे. त्याऐवजी दाराच्या वरचा झरोका बघा. आतली वाट १९ मीटर लांब आहे आणि हळूहळू चढत जाते, इतकी की आतल्या दालनाची जमीन त्या झरोक्याच्या पातळीला येते. म्हणून डिसेंबरमधल्या सर्वात लहान दिवशी सूर्यकिरण दारातून नाही, झरोक्यातून थेट दालनात पोहोचतो आणि १७ मिनिटं राहतो. मायकेल ओ'केली या पुरातत्त्वज्ञांनी हे २१ डिसेंबर १९६७ रोजी पाहिलं. त्या दिवसांची जागा सोडतीने मिळते. आम्हाला अजून लागलेली नाही. एरवी गाइड दिवे घालवून विजेच्या दिव्याने तो किरण दाखवतात, त्यावर समाधान मानावं.

आत मान वर करा. शिळा एकीवर एक थोड्या पुढे सरकवत छत मिटवलं आहे, चुना नाही की काही नाही. आपल्या हेमाडपंती देवळांची आठवण येते, पण हे त्यांच्या चार हजार वर्षं आधीचं. छताच्या शिळांना पाणी वाहून जायला वरून पन्हळी खोदल्या आहेत, आणि दालन आजही कोरडं आहे. माझ्या नागपूरच्या गच्चीबद्दल मी बोलत नाही.

गोष्टीत हे दागदा देवाचं घर. त्याच्या मुलाने, एंगसने, ते 'दिवस-रात्रीपुरतं' मागितलं आणि मग सोडेचना: दिवस आणि रात्र, यातच सगळा काळ आला की! या कथा मध्ययुगात लिहून ठेवल्या गेल्या, बांधकामानंतर चार हजार वर्षांनी. म्हणून मी पाहुण्यांना बजावत असे, गोष्ट वेगळी, दगड वेगळे.

मग शेजारचं डाउथ पाहिलं, तसंच एक प्राचीन थडगं. आत जाता येत नाही, बाहेरून फेरी मारायची. त्याची गोष्ट: राजाने एका दिवसात मनोरा बांधायला घेतला, बहिणीने जादूने सूर्य थांबवला, राजाने बहिणीशीच संग केला, जादू मोडली आणि अंधार पडला. 'डाउथ' म्हणजेच अंधार. २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी न्यूग्रेंजच्या दालनातल्या एका पुरुषाच्या हाडांचा डीएनए प्रसिद्ध केला. त्याचे आईवडील सख्खे भाऊबहीण, नाहीतर पालक आणि अपत्य होते. या कथेशी असलेलं साम्य संशोधकांनीच दाखवून दिलं आहे.

तेव्हापासून मी पाहुण्यांना बजावणं बंद केलं आहे. डाउथला नेते, आधी फेरी मारायला लावते, मग भिंतीला टेकून हे दोन्ही सांगते. रस्ता अरुंद आहे, गाडी लावायला जागा थोडी, म्हणून सकाळी दहाच्या आत पोहोचा.