जंतांचे निदान करताना या चुका टाळा

मूल रात्री दात खाते, गोड मागते, म्हणजे त्याला जंतच झाले असणार, असे तासगावातील आमच्या लॅबमध्ये येणारे पालक ठामपणे सांगतात. या खुणांवरून निदान होत नाही. उलट मोठ्या गोल जंतांचा संसर्ग असलेल्या पुष्कळ मुलांत कोणतेच लक्षण दिसत नाही.

सर्वांत मोठी फसगत होते ती वेळेची. मातीच्या हातांतून किंवा न धुतलेल्या भाजीतून पोटात गेलेल्या या गोल जंतांच्या अंड्यांतून अळ्या निघतात, आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे फुप्फुसांत पोहोचतात, घशात येऊन पुन्हा गिळल्या जातात आणि मगच आतड्यात वाढतात. मादी अंडी घालू लागेपर्यंत दोन ते तीन महिने जातात. अळ्या फुप्फुसांत असताना कोरडा खोकला व घरघर होऊ शकते, रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात, पण शौचात अंडी मिळत नाहीत. म्हणून एका ‘निल’ (म्हणजे काहीच न सापडल्याच्या) अहवालावर विसंबू नये; संशय कायम असल्यास वेगवेगळ्या दिवशींचे तीन नमुने द्यावेत. पोटात केवळ नर जंत असले, तर तेव्हाही अंडी दिसणार नाहीत.

नमुना कोरड्या, स्वच्छ डबीत, लघवी व पाणी न मिसळता, शक्यतो त्याच सकाळी आणावा. तो उष्ण हवेत दिवसभर पडून राहिला, तर अंकुशकृमी (हूकवर्म) या दुसऱ्या जातीच्या जंताची अंडी फुटून अळ्या बाहेर येतात आणि तपासणाऱ्याचाही गोंधळ होतो.

पडलेला जंत फेकून देऊ नका, बाटलीत घालून आणा. पावसाळ्यात मात्र मोरीतून आलेले गांडूळच जंत समजून आणले जाते. गांडुळाच्या अंगावर कड्यांसारख्या वळ्या स्पष्ट दिसतात; खरा गोल जंत गुळगुळीत, फिकट गुलाबी-पांढरा, दोन्ही टोकांना निमुळता आणि बहुधा 15 ते 35 सेंटिमीटर लांब असतो.

रात्री गुदद्वाराशी खाज सुटत असेल, तर बहुधा ते बारीक सुतासारखे जंत असतात आणि शौच तपासणीत ते सहसा सापडत नाहीत. त्यासाठी सकाळी उठल्याबरोबर, आंघोळीपूर्वी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी दाबून काचेवर लावून आणावी लागते.

पोट फुगून कळा येत असतील, हिरवी उलटी होत असेल किंवा शौचास होणे थांबले असेल, तर घरी जंताची गोळी देत बसू नका. जंतांच्या गुंत्याने आतडे अडलेले असू शकते, तेव्हा रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.