कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यावर पाय दुखायला लागले तर काय करायचं

गोळी चालू होऊन काही आठवडे झाले की मांड्या भरून यायला लागतात, आणि मग बरेच जण डॉक्टरांना न सांगता गोळी परस्पर बंद करून टाकतात. कृपा करून असं करू नका, घरात कुणाला हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट बसवलाय तर मुळीच नको.

आधी स्ट्रिपवरचं नाव बघा, अ‍ॅटोर्वास्टॅटिन आहे की रोसुव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलच्या या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात), किती एमजी, आणि फोटो काढून ठेवा.

मग दुखतंय कुठे ते बघा. स्टॅटिनचं दुखणं सहसा दोन्ही बाजूंना सारखं असतं, मांड्या, पोटऱ्या, खांदे असे मोठे स्नायू. एकच गुडघा ठणकतोय तर कारण बहुतेक वेगळं. आणि त्याच आठवड्यात पर्वती चढायला लागलात का तेही आठवा, कारण रिपोर्ट बघून माणूस घाबरतो आणि गोळी न् व्यायाम एकदमच सुरू करतो, मग पोटऱ्या नक्की कशाने धरल्यात ते कळणार कसं?

रोज रात्री कॅलेंडरवर दुखण्याला 10 पैकी मार्क द्या. हे का सांगतोय, तर 2020 मध्ये इंग्लंडमधला सॅमसन नावाचा अभ्यास आला, त्यात गोळीमुळे त्रास झालेल्यांना काही महिने स्टॅटिन, काही महिने डमी गोळी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं, तर स्टॅटिनवर जो त्रास व्हायचा त्यातला साधारण 90 टक्के डमीवरही झाला. त्रास खरा होता हो, पण बहुतेक त्रासाचं कारण औषध नव्हतं.

कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा. सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते), एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट), थायरॉइड, व्हिटॅमिन डी या टेस्ट करायच्या का ते विचारा. सीपीके व्यायामानेही वाढतं, त्यामुळे आधीचे दोन-तीन दिवस जोर-बैठका, सिंहगड वगैरे नको. बाकीची औषधंही सांगा, आणि ही गोष्ट हमखास राहते: गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल किंवा इन्फेक्शनसाठी क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल तर अ‍ॅटोर्वास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. स्किनच्या डॉक्टरांना कोलेस्टेरॉलची गोळी कुणी सांगतच नाही! ग्रेपफ्रूटनेही तसंच होतं, पपनस त्याच्याच जवळचं, तेव्हा गणपतीत मंडईतून आणलंत तर बेताने खा.

या गोळीने साखर थोडी वाढू शकते, डायबेटिसच्या काठावर असाल तर एचबीए1सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) करून घेत जा, तेवढ्यासाठी गोळी सोडायचं कारण नाही.

त्रास गोळीचाच निघाला तरी रस्ते आहेत, डोस कमी करणं, दुसरं स्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन एक दिवसाआड, किंवा सोबत इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं वेगळ्या प्रकारचं औषध. हे डॉक्टरांनी ठरवायचं, शेजारच्या काकांनी नाही.

मात्र लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, अंगातली ताकदच गेली किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. क्वचित होतं, पण किडनीवर येऊ शकतं. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तरी लगेच सांगा.

डोस बदलला की 4 ते 12 आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) परत करायचं, ती तारीख त्याच कॅलेंडरवर आत्ताच लिहून टाका.