कर्नलचा बिल्ड फसतोय? कंपायलरच्या आधी घड्याळ तपासा

लिनक्स कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) बिल्ड, म्हणजे सोर्स कोडपासून तो तयार करण्याचा खटाटोप, अडला की बहुतेक जण टर्मिनलवरची शेवटची 'एरर 2'ची ओळ उचलतात आणि शोधत सुटतात. त्या 'एरर 2'चा अर्थ एवढाच, की आत कुठेतरी काहीतरी फसलं. आठ-दहा जॉब (समांतर चालणारी कामं) एकदम चालू असताना खरी चूक दोन-तीनशे ओळी वर गाडली गेलेली असते. बिल्ड पुन्हा एकाच जॉबवर चालवा, आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि 'एरर' हा शब्द पहिल्यांदा कुठे येतो ते बघा.

'किल्ड' दिसलं तर बहुधा रॅम संपली. जॉब कमी करा. 'नो स्पेस लेफ्ट' असेल तर डिस्कवरची जागा बघा, आयनोडही (फाइलींच्या नोंदींसाठीच्या जागा) बघा. कंपायलर दर वेळी वेगळ्याच फाइलवर सेगमेंटेशन फॉल्ट देत (मेमरीच्या चुकीने कोसळत) असेल तर कोडच्या मागे लागू नका, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावा.

आता खरी डोकेदुखी: 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड', म्हणजे फाइलींच्या वेळा आणि घड्याळ जुळत नाहीत. ही नुसती वॉर्निंग असते, म्हणून लोक पुढे रेटतात. तसं करू नका. बिल्ड चालवणारा 'मेक' हा प्रोग्राम कुठलीही फाइल उघडून बघत नाही, तो फक्त तिच्या बदलाची वेळ बघतो. ऑब्जेक्ट फाइलवर (सोर्स कंपाइल होऊन बनलेल्या फाइलवर) संध्याकाळचे सात पडले असतील आणि तुम्ही खऱ्या दोन वाजता सोर्स दुरुस्त केला, तर मेकच्या हिशेबी ऑब्जेक्टच नवी. तो तिला हात लावत नाही. बिल्ड पूर्ण होतो, दुरुस्ती मात्र आत जातच नाही. फसलेला बिल्ड परवडला, हा नाही.

आपल्याकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स. विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ लिहितो आणि लिनक्स तीच यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) समजतो. परिणामी नेट जोडून वेळ जुळेपर्यंत लिनक्स बरोबर साडेपाच तास पुढे धावतो. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर आणखी काही शोधायची गरज नाही. उपाय विंडोजच्या बाजूने करा: रजिस्ट्रीत 'टाइमझोन इन्फर्मेशन'खाली 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' (सलग, एकच शब्द) या नावाची डीवर्ड किंमत 1 ठेवा. लिनक्सला स्थानिक वेळेवर आणण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो, तो टाळा.

फरक साडेपाच तासांचा नसेल आणि मशीन बंद ठेवल्यावर तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल मल्टीमीटरने मोजा. तो 3 व्होल्टचा असतो, 2.5च्या आसपास आला असेल तर बदला. सस्पेंडमधून उठलेल्या व्हर्च्युअल मशीनचं घड्याळही मागे पडतं. सोर्स एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर) असेल तर सर्व्हरचं घड्याळही तपासा, कारण फाइलवर वेळ बहुधा त्याचीच पडते.

आता अचूकता. 'टाइमडेटसीटीएल' या आदेशाच्या आउटपुटमध्ये 'सिंक्रोनाइज्ड'पुढे 'येस' हवं. क्रोनी (नेटवरून वेळ जुळवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याच्या 'ट्रॅकिंग' आदेशातली 'सिस्टिम टाइम' ही ओळ वाचा. फरक मिलिसेकंदांत असला की झालं. घड्याळाच्या साध्या क्रिस्टलमध्ये 20 पीपीएमची (दहा लाखांत 20 भागांची) चूक धरली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद सरकतात, म्हणून एकदा हाताने वेळ लावून भागत नाही. फरक मोठा असेल तर क्रोनीला 'मेकस्टेप' (वेळ एका उडीत जुळवण्याचा आदेश) द्या, नाहीतर तो घड्याळ हळूहळूच सरकवत बसतो.

घड्याळ बसलं, तरी भविष्यातल्या तारखांच्या फाइली तशाच पडून असतात. 'फाइंड'ला 'आत्तापेक्षा नव्या' अशी अट देऊन त्या शोधा. इथे सगळ्यांवर 'टच' (फाइलची वेळ आत्ताची करणारा आदेश) फिरवायचा सल्ला मिळेल. तो घातक आहे: त्याने जुन्या ऑब्जेक्टलाही ताजी वेळ मिळते आणि मेक पुन्हा फसतो. 'टच' फक्त सोर्सवर करा, ऑब्जेक्ट मेकच्या 'क्लीन'ने उडवा. 'एमआरप्रॉपर' (मेकचीच आणखी कडक सफाई) वापरणार असाल तर आधी कॉन्फिग फाइलची प्रत बाहेर ठेवा. तो तीही पुसतो.

मग पुन्हा बिल्ड करा, इन्स्टॉल करा, रीबूट करा आणि 'यूनेम' (चालू कर्नलची माहिती देणारा आदेश) मधली बिल्डची तारीख बघा. तिथे जुनीच वेळ दिसली तर बूटलोडर (मशीन सुरू होताना कर्नल चढवणारा प्रोग्राम) अजून जुनीच इमेज उचलतोय.