नदीतल्या जीवाश्म हाडावरच्या खुणा ओळखताना
वर्धा, पैनगंगा किंवा पूर्णेच्या काठी असं हाड दिसलं तर आधी जागेचा फोटो काढा, मगच उचला. साध्या पाण्यात मऊ ब्रशने गाळ काढा. तारेच्या ब्रशने नवे ओरखडे पडतात. सावलीत वाळवा.

अंधारात टॉर्च अगदी आडवा धरून १० पट भिंगातून पाहा. खाच आतून फिकट असेल तर ती ताजी, बहुधा फावड्याची. दगडी हत्याराची खाच ‘व्ही’ आकाराची, आत बारीक समांतर रेघा असलेली. मांसभक्षकाच्या दाताची गोलसर तळाची. उंदीर-साळिंदराच्या खाचा जोडीने, रुंद आणि सपाट. झाडांच्या मुळांच्या नागमोडी, फाटे फुटलेल्या.

फसवतात ते वाळू-गोट्यांचे उथळ, वाटेल त्या दिशेचे ओरखडे. खुरांखाली तुडवलेल्या हाडावरही तसेच पडतात, म्हणून एकाच रेघेवरून माणसाचं काम ठरवू नका. सांध्याजवळ एकसारख्या अनेक खाचा असतील तरच तो विचार करावा.