पान उलटून पाहा : हिमालयातील ओक कसा ओळखावा

पुण्याहून कुमाऊँ-गढवालकडे जाणाऱ्या निसर्गप्रेमीने ओकची ओळख आधीच करून घेतलेली बरी, कारण सह्याद्रीत ओकची एकही जात निसर्गतः वाढत नाही, आणि पुण्यात ज्याला आपण सिल्व्हर ओक म्हणतो तो मुळात ऑस्ट्रेलियातला, निराळ्याच कुळातला वृक्ष आहे.

नैनिताल-मसुरीच्या परिसरात, साधारण १,२०० ते २,३०० मीटर उंचीवर, बहुतेक वेळा बांज नावाचा ओक भेटतो. लांबून झाडाचा आकार पाहून निष्कर्ष काढू नये. खाली पडलेले पान उचलून उलटावे. वरची बाजू गर्द हिरवी व चिवट, कडा दातेरी आणि खालची बाजू दाट लवेमुळे पांढरट-करडी असेल, तर तो बांज समजावा. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘ल्यूकोट्रायकोफोरा’ या शब्दाचा अर्थच ‘पांढरी लव धारण करणारा’ असा आहे. पान दोन्ही बाजूंनी हिरवे आणि गुळगुळीत असेल तर मोरू. आणि सुमारे २,४०० मीटरच्या वर, चोपत्यासारख्या ठिकाणी, खालची बाजू तपकिरी दिसली तर खरसू. खरसूच्या ‘सेमेकार्पिफोलिया’ या नावाचा अर्थ ‘बिब्ब्यासारख्या पानांचा’ असा होतो, आणि बिब्ब्याचे झाड पाहिलेल्या मराठी वाचकाला ते नाव सहसा विसरत नाही. पानाच्या कडेवर मात्र विसंबू नये, कारण खरसूच्या कोवळ्या झाडाची पाने काटेरी असतात आणि जुन्या झाडाची पुष्कळ पाने अखंड कडेची असतात.

बांजाला निमसदाहरित का म्हणावे, हे मार्च-एप्रिलमध्ये कळते. जुनी पाने गळणे आणि गुलाबी-जांभळट पालवी फुटणे जवळजवळ एकाच वेळी घडते, त्यामुळे झाड थोडे दिवस विरळ दिसते, पण फार काळ उघडे राहत नाही. त्याच सुमारास नरफुलांचे लोंबते तुरे येतात. फळ वाटीत बसलेले असते आणि ते पिकायला दुसरे वर्ष उजाडते. म्हणून मे महिन्यात गेल्या वर्षीची इवली फळे फांदीवर शोधावीत. खरसूची फळे पावसाळ्यात पिकतात आणि कधीकधी झाडावरच रुजू लागतात.

बिनसरसारख्या अभयारण्यातून पान आणू नये; नाणे शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे आणि ठिकाणाची उंची लगेच टिपून ठेवावी.